डिसेंबरात पाहिलेलं घर

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

नमस्कार ताई,
आम्ही चोवीस वर्षांपूर्वी डोंबिवलीहून इंग्लंडला आलो. लंडनजवळ हॅरोला राहतो. दोघांकडेही आता ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) आहे. मुलगी २१ वर्षांची, मुलगा १७. दर डिसेंबरात तीन आठवडे भारतात येतो. मागच्या खेपेला गुहागरजवळ एका एजंटनं २२ गुंठ्यांची हापूसची बाग दाखवली. वरच्या अंगाला उभं राहिलं की समुद्र दिसतो. यजमानांचा जीव तेव्हापासून तिथेच अडकलाय. त्यांना त्या बागेत चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू घर बांधायचंय. 'घर पाहावं बांधून' हे त्यांचं पालुपद. माझं म्हणणं, जवळच डोंगरावर एका प्रकल्पात तयार रो-हाउस मिळतंय, ते घ्यावं आणि मोकळं व्हावं. एजंट म्हणतो, बाग तुमच्या नावावर होत नसेल तर चुलत दिरांच्या नावावर घ्या, ते शेतकरी आहेत, पुढचं पुढे बघू. दहा वर्षांनी निवृत्त झाल्यावर वर्षातले चार महिने तिथे राहायचा विचार आहे. घरात रोज यावरून वाद होतात. परदेशात बसून बांधावं की विकत घ्यावं?
ता. क. दापोली तालुक्यात माझं आजोळ आहे. निसर्ग वादळात माड पडून घराची मागची पडवी बसली, तेव्हापासून घर बंदच आहे. पण त्याचा इथे काही संबंध नाही.
– एक वाचक, हॅरो

प्रिय मैत्रिणी,

बागेपासून सुरुवात करते, कारण तो सौदा आधी थांबायला हवा. इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर तो परत मागण्याची भाषा आजच सुरू करा.

ज्याला सगळे 'फेमा' म्हणतात त्या परकीय चलन कायद्याखाली ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, फ्लॅट किंवा बिनशेती प्लॉट खुशाल घेता येतो. रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी त्यासाठी लागत नाही. शेतजमीन, मळे आणि फार्महाउस मात्र विकत घेता येत नाही, आणि कोणी बक्षीस म्हणून देऊ केलं तरी घेता येत नाही. वारसानं आलं तर चालतं. आंब्याची बाग सातबाऱ्यावर शेतजमीनच असते, मग तिथून समुद्र दिसो की नर्मदा.

कदाचित यजमान म्हणतील, माझ्याकडे शेतकरी असल्याचा दाखला आहे. असेल. त्या दाखल्यानं १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ ओलांडता येतं, जे बिगरशेतकऱ्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेऊ देत नाही. फेमा हे त्याच दाराला लावलेलं दुसरं कुलूप आहे, आणि त्याची किल्ली ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या माणसाकडे नसते.

आता चुलत दिरांबद्दल. ते सज्जन असतील, मला त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. पण तुमच्या पैशानं, तुमच्यासाठी, त्यांच्या नावावर घेतलेली जमीन म्हणजे बेनामी व्यवहार. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बेनामी कायद्यात अशी मालमत्ता सरकारजमा होते, एक ते सात वर्षं सक्तमजुरीची तरतूद आहे, आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. हा कायदा घेणाऱ्याला लागतो तसा नाव देणाऱ्यालाही लागतो. म्हणजे एजंटच्या सल्ल्यानं तुम्ही दिरांनाही त्यात ओढणार. आणि कायदा कधी दारात आला नाही असं धरलं तरी उद्या दिरांच्या मागे त्यांची मुलं वारस म्हणून लागतील. त्यांना तुमच्या तोंडी ठरावाशी काय देणंघेणं?

एकच सरळ वाट उरते. बागेच्या मालकानं स्वतःच्या नावावर असतानाच जमीन रीतसर बिनशेती करून घ्यायची आणि मग तुम्हाला विकायची. एजंट 'करून देतो, तुम्ही पैसे भरा' म्हणतात. क्रम उलटा ठेवा. आधी बिनशेतीचा आदेश, मग सातबाऱ्यावर त्याची नोंद, मग तुमचे पैसे. त्याच सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का, गाडी नेण्यासारखी वहिवाट कागदावर आहे की नुसती शेजाऱ्याच्या मेहेरबानीची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, आहे, हे तुमच्या वकिलानं पाहायचं, एजंटच्या नव्हे. फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, निदान तीस वर्षांचे काढायला लावा. समुद्र दिसतो म्हणून तुम्ही लिहिलंत, तर किती अंतरावरून दिसतो हेही मोजून घ्या. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांत बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटरवर आणला, पण विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तो २०० मीटरच राहिला आहे. खाडीकाठचा नियम वेगळा. दलालाच्या टेपवर विसंबून चालत नाही, मंजूर नकाशावर तुमचा गट नंबर कुठे पडतो ते बघावं लागतं.

इतकं सगळं जमलं असं समजू. मग तुमचा खरा प्रश्न येतो, बांधावं की घ्यावं.

यजमानांची म्हण मी खूप मानते. पण ती ज्यांनी म्हटली ती माणसं त्याच गावात राहत होती. सकाळी पेजेनंतर चौथऱ्यावर जाऊन उभी राहायची, गवंड्याला हाक मारायची, चिरा वाकडा बसला तर काढायला लावायची. घर बांधून पाहायचं म्हणजे बांधताना तिथे असायचं. हॅरोहून व्हॉट्सअॅपवर फोटो पाहणं हे वेगळं काम आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचं घर अंजर्ल्याजवळ बांधलं तेव्हा ती मस्कतला होती आणि देखरेख माझ्याकडे. मी पुण्याहून महिन्यातून एकदा जायचे. मी स्वतः बांधकामाच्या धंद्यात उभी हयात घालवलेली, त्यामुळे बहीण निर्धास्त होती. ज्या आठवड्यात स्लॅब पडायचा होता त्या आठवड्यात माझ्या सासूबाई रुग्णालयात. मी फोनवर म्हटलं, घाला. कंत्राटदारही वाईट माणूस नव्हता. नदीची वाळू मिळेना, गाडी अडकलेली, मजूर बसून, म्हणून त्यानं खाडीची वाळू वापरली. मला सांगितलं नाही. सहा वर्षांनी माजघराच्या छताचे पोपडे पडायला लागले आणि आत पाहिलं तर सळ्या लाल, फुगलेल्या. खाडीच्या वाळूतलं मीठ सळीपर्यंत पोचतं, सळी गंजते, गंजलेलं लोखंड जास्त जागा मागतं आणि काँक्रीट आतून फोडतं. बाहेरून समुद्राची खारी हवा तेच काम करत असतेच. आम्ही आधी वर पत्र्याची शेड घातली, नंतर स्लॅबचा निम्मा भाग तोडून नवा केला. तो एक आठवडा मी तिथे असते तर हे झालं नसतं, हे मला आजही बोचतं. म्हणून या विषयावर मी जरा जोरात बोलते आहे.

कोकणातल्या बांधकामाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणजे हातात ऑक्टोबर ते मे. त्यात दिवाळी, मग शिमग्याला गाव बंद, एप्रिल-मेमध्ये निम्मे मजूर आंब्याच्या कामावर. चिरा खाणीतून ओला आणि मऊ निघतो. हवेवर वाळून कडक झाल्यावर लावायचा असतो, पण घाईच्या कामात ट्रकमधून उतरलेला चिरा तसाच भिंतीत जातो. मृगाच्या आत छप्पर चढलं नाही तर उघड्या भिंती चार महिने पाणी पितात आणि आणून ठेवलेलं लाकूड प्लॅस्टिकखाली कुजतं. एका हंगामात होईल म्हणून सांगितलेलं घर दोन हंगाम घेतं, आणि त्यात कंत्राटदाराची लबाडी असतेच असं नाही. तुमच्या तीन आठवड्यांच्या हिशेबात दोन हंगाम म्हणजे दोन डिसेंबर. दोन भेटींत तुम्ही काय काय पाहणार?

चौरस फुटाचा जो भाव सांगतात त्यात घराचा सांगाडा असतो. विहीर किंवा बोअर, पंप, वीजजोडणी आणि तिचे खांब, गाडी वर चढेल असा रस्ता, सेप्टिक टाकी, जमिनीभोवतीचा गडगा, हे त्यात नसतं. नुसत्या गडग्याला किती चिरा लागतो ते यजमानांना एकदा मोजायला सांगा. २२ गुंठ्यांचा घेर छोटा नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. आत्ता बांधू नका. 'कधीच नको' असं मी म्हणत नाही. यजमान निवृत्त झाल्यावर, जेव्हा ते सलग दोन हंगाम तिथे एखादी खोली घेऊन राहू शकतील, तेव्हा त्यांना जरूर बांधू द्या. माणसाला स्वतःचं घर उभं राहताना पाहायचं असेल तर ती मोठी सुंदर इच्छा आहे, आणि ती फोनवर उरकू नये एवढंच मला वाटतं.

आता तुमचं रो-हाउस. ते घेऊन मोकळं व्हावं म्हणता, त्यातल्या 'मोकळं' या शब्दाला माझी हरकत आहे. महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, हे तुम्ही मागालच. मी त्याच्या पुढचं विचारेन. तिथली किती घरं बाराही महिने राहती आहेत? पाणी कुठून येतं आणि एप्रिलच्या शेवटी किती येतं? देखभालीची वर्गणी कोण गोळा करतो आणि बिल्डर निघून गेल्यावर कोण करणार? आणि डोंगर कसा कापलाय? समुद्र दिसावा म्हणून उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी घरं बसवतात, मागे उभी लाल दरड उघडी राहते. जांभ्याच्या थराखाली पुष्कळदा मऊ चिकणमाती असते, ती भिजली की सगळा भार सरकतो. जुलै २०२१ मध्ये महाडजवळचं तळीये आणि खेड तालुक्यातलं पोसरे कसं गाडलं गेलं ते तुम्ही तिकडे बातम्यांत पाहिलं असेल. मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. मागच्या दरडीला भिंत आहे का, भिंतीत पाणी निघून जायला भोकं आहेत का, ती वाहती आहेत की बुजली आहेत, हे पाहायला अर्धा तास लागतो. पण ते पावसात पाहावं लागतं.

इथे मी दोघांनाही एकच गोष्ट सांगेन. तुम्ही कोकण डिसेंबरात पाहता. डिसेंबरात तिथे वाईट घर नसतंच. हवा गार, विहिरी भरलेल्या, भिंती वाळलेल्या, रात्री सोलकढी आणि चांदणं. तेच घर मे महिन्यात पाहा, विहिरीच्या तळाला पाणी किती आहे, किनाऱ्याजवळची बोअर असेल तर ते पाणी मचूळ लागतंय का. आणि जुलैत पाहा. पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो, म्हणून आत जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर आतून हात ठेवा. गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत फोटोत फार देखणी दिसते आणि जुलैत कपाटातले कपडे ओले करते. पूर्वीची माणसं पडवी उगाच काढत नव्हती, भिंतीला पावसापासून लांब ठेवायची ती सोय होती. जुलैत रात्रभर वीज गेलेली असेल, तर तीही अनुभवा.

यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. गुहागर, दापोली, हर्णै, केळशी, वेळास, कुठेही घरगुती राहायची सोय मिळते. पुढच्या वर्षी डिसेंबर सोडा. मेमध्ये आठ दिवस आणि जुलैत आठ दिवस या. चिपळूणला किंवा खेडला रेल्वेनं उतरून पुढे एसटीनं किंवा गाडीनं जा, म्हणजे म्हातारपणी हा प्रवास कसा होईल तेही कळेल. रात्री दोनला छातीत दुखलं तर कुठे जायचं, हा प्रश्न गावातल्या माणसाला विचारा. चार महिने राहणार असाल तर समुद्रापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं आहे.

आणि त्यानंतरही घ्यायचंच ठरलं, तर दोघांच्याही यादीत नसलेली गोष्ट शोधा. निदान चार-पाच पावसाळे पाहिलेलं, राहत्या वाडीतलं, बिनशेती किंवा गावठाणातल्या जमिनीवरचं उभं घर. नवं घर आपले दोष लपवतं, पाच पावसाळे खाल्लेलं घर ते भिंतीवर लिहून दाखवतं. छप्पर बदलायचं असेल तर ते दिसतं, वाळवी असेल तर दिसते, पाणी नसेल तर शेजारीण सांगते. असं घर विकत घेऊन यजमानांना त्याची ओटी, खळं, स्वयंपाकघर हवं तसं करू द्या. बांधण्याची हौस बरीचशी त्यात भागते आणि चूक झाली तरी ती एका खोलीपुरती राहते. गावठाणातलं घर घेताना एवढं लक्षात ठेवा की ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा ही घरपट्टीची नोंद असते, जमिनीच्या मालकीचा तो पुरावा नव्हे.

राहत्या वाडीवर मी एवढा भर का देते? कारण तुम्ही वर्षातले तीन आठवडे तिथे असणार आणि घर बावन्न आठवडे असणार. बंद घर कोकणात पटकन मरतं. जूनमध्ये लावलेलं कुलूप डिसेंबरात उघडलं की गाद्यांना बुरशी, भांड्यांना हिरवा थर, चौकटीतून वाळवीची मातीची वाट, कौलावर माकडांनी केलेली उलथापालथ. पावसाआधी कौलं परतून घ्यावी लागतात, पन्हळ साफ करावी लागते, ऊन पडलं की खिडक्या उघडाव्या लागतात. हे कोणीतरी करायला हवं, आणि वाड्यांतली तरुण माणसं मुंबईला गेलेली आहेत. ज्या घरात साठीचं एखादं जोडपं आहे त्यांच्या शेजारी घर मिळालं तर ते समुद्र दिसण्याहून मोलाचं समजा. त्यांना बाराही महिने ठरलेला पगार द्या, बँकेत, तुम्ही याल तेव्हा हातावर टेकवलेल्या नोटा नव्हे. त्यांच्या घरचं लग्न, तेरावं, गणपती तुमच्याही दिनदर्शिकेत असू द्या. हा खर्च घराच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरा. कागदावर घर परवडतंय पण हा पगार परवडत नाही, असं निघालं तर घर परवडत नाही.

पैशांचं थोडक्यात. रक्कम एनआरई किंवा एनआरओ या अनिवासींसाठीच्या खात्यातून, बँकेमार्फतच जाऊ द्या, रोखीनं एक रुपयाही नको. पैसे बाहेरून आल्याचे बँकेचे कागद जपून ठेवा, कारण पुढे घर विकून रक्कम इंग्लंडला न्यायची झाली तर त्यावरच सगळं ठरतं. पन्नास लाख किंवा जास्त किमतीचं घर भारतात राहणाऱ्याकडून घेताना तुम्हीच १ टक्का कर कापून भरायचा असतो. विकणाराही अनिवासी असेल तर नियम वेगळा आणि दर जास्त, तेव्हा आधी सनदी लेखापालाला विचारा. मुखत्यारपत्र द्यावं लागलं तर ते फक्त नोंदणीपुरतं, एका व्यवहारापुरतं द्या, विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. तिकडे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून सरकारी शिक्का) करून आणलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. हे विसरल्यामुळे ऐन नोंदणीच्या दिवशी अडलेली माणसं मी पाहिली आहेत.

इंग्लंडची बाजू तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून लिहिते. घर भाड्यानं दिलंत तर ते उत्पन्न तिकडेही दाखवावं लागतं. इकडे भरलेल्या कराची वजावट दुहेरी कराच्या करारानं मिळते, पण दाखवणं चुकत नाही. एप्रिल २०२५ पासून तिथला वारसा कर राहण्याच्या वर्षांवर ठरतो. गेल्या वीस वर्षांतली दहा तिथे काढलेल्या माणसाची जगभरची मालमत्ता त्यात धरली जाते. तुमची चोवीस झाली. कोकणातलं घर त्यात येणार हे धरून तिथल्या सल्लागाराशी बोला, आणि भारतातल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र करा.

मुलांना विचारलंत का? २१ वर्षांची मुलगी आणि १७ वर्षांचा मुलगा यांना या घराचं काय वाटतं, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. त्यांनी हो म्हणावं असा माझा आग्रह नाही. त्यांना नको असेल तर तुम्ही घेऊ नये, असंही नाही. पण त्यांना ते घर नको आहे हे आत्ता कळलं, तर तुम्ही ते स्वतःपुरतं, लहान, विकायला सोपं असं घ्याल. मुलांसाठी म्हणून चार खोल्या आणि २२ गुंठे घेणार नाही.

आता ता. क. तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ त्या शेवटच्या ओळीवर थांबले. संबंध नाही असं तुम्ही लिहिलंत, पण मग ती ओळ लिहिलीतच का?

तुमच्या आई हयात आहेत की नाहीत, मामा किती, घर कोणाच्या नावावर, हे मला माहीत नाही. एवढं सांगू शकते की आजोबांच्या मालमत्तेत मुलगी म्हणून तुमच्या आईचा वाटा असू शकतो, आणि तो वारसानं तुमच्याकडे आला तर तुमच्या पासपोर्टचा रंग आड येत नाही, अगदी त्यात शेतजमीन असली तरी. जी गोष्ट पैसे मोजून घेता येत नाही, ती या एका वाटेनं येते. पण मी तुम्हाला हिस्सा मागायला सांगत नाहीये. सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा नावं असतात, आणि परदेशातली भाची पंचवीस वर्षांनी हिस्सा मागत आली की सगळी नाती एका दिवसात गोठतात.

घर उघडण्याची परवानगी मागा. मामांना आणि मामेभावंडांना म्हणा, छप्पर आणि मागची पडवी आमच्या खर्चानं दुरुस्त करतो, मालकी आहे तशीच राहील, आम्हाला अमुक वर्षं येऊन राहू द्या, बाकीच्यांनीही यावं. सगळ्यांच्या सह्यांनी हे कागदावर घ्या आणि वकिलाला दाखवून नोंदवा. त्यात एवढेच पैसे घाला जे परत आले नाहीत तरी तुम्हाला कडू वाटणार नाही, कारण सामाईक घरात घातलेला पैसा वसूल होत नाही. या खर्चात तुम्हाला दोन-तीन पावसाळे मिळतील. सुतार कोण चांगला, वाडीत कोण हाकेला धावतं, आपल्याला जुलै सोसतो का, मुलं येतात का, हे सगळं त्यात कळेल. यजमानांनाही एक पडवी आपल्या डोळ्यांदेखत उभी करता येईल, म्हणजे बांधण्याची आवड खरी किती ते त्यांचं त्यांना समजेल. नंतर गुहागरला घर घ्यायचं ठरलं तर ते डोळस ठरेल. आणि कदाचित घ्यावंसं वाटणारही नाही.

मामा नाही म्हणाले तर ते तिथेच सोडा, वाद घालू नका.

मात्र एक गोष्ट थांबण्यासारखी नाही. ३ जून २०२० ला पडलेल्या माडाखाली जी पडवी बसली, तिच्याशी जोडलेली मुख्य घराची वासे-कौलं उघडी पडलेली असणार, आणि प्रत्येक पावसात पाणी आतल्या भिंतींच्या माथ्यावरून उतरत असणार. चिऱ्याची मातीत बांधलेली भिंत वरून भिजत राहिली की एक दिवस आवाज न करता खाली येते. या रविवारी मामांना फोन करा. जमिनीचं नाव काढू नका. वाडीतल्या कोणाला तरी पाठवून मागच्या बाजूच्या छपराचे चार फोटो काढायला सांगा आणि ते मला पाठवा. कुठपर्यंत ताडपत्री घालायची आणि कोणत्या भिंतीला आधी टेकू द्यायचा ते मी सांगते. मृगाच्या आत तेवढं झालं तरी घर आणखी एक पावसाळा उभं राहील.